आधी सही कुणाची

देवरामचे पत्र जानेवारीत आले आणि मी त्याला उत्तर दिले नाही. निळे आंतरदेशीय पत्र होते. अक्षर त्याच्या पुतणीचे, स्नेहलचे, गोल आणि शाळेतल्यासारखे नीट. पण बोलणे देवरामचेच.

‘गुरुजींना रामराम. तुम्ही मला आधी सही करायला लावली. लिफाफ्यात काय हाय ते तुम्हाला ठाऊक होतं का? खरं असंल ते लिहा. तुमचं उत्तर आलं म्हंजे पुढच्या तपासणीला यायचं का नाय ते ठरवीन.’

मी गुरुजी नाही. चौतीस वर्षे वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी केल्या, एवढेच. पण वॉर्डात मी सारखे काहीतरी वाचत बसे, म्हणून शेजारच्या खाटेवरच्या देवरामने मला गुरुजी करून टाकले, आणि ते दुरुस्त करायचे धाडस मला झाले नाही.

तो हरसूलच्या पुढच्या एका पाड्यावरचा. अठ्ठावन्न वर्षांचा, भात आणि नागली करणारा. सादडाच्या झाडावरून पडला, बरगडी मोडली का ते बघायला एक्स-रे काढला, तर बरगडी शाबूत आणि फुप्फुसात गाठ. माझी गाठ मोतीबिंदूच्या ऑपरेशनाआधीच्या तपासणीत सापडली. दोघांच्याही गाठी दोन सेंटिमीटरपेक्षा लहान. कॅन्सरच, पण लवकर हाती लागलेला. म्हणूनच आम्ही दोघे इस्पितळातल्या एका संशोधनात बसत होतो.

संशोधन असे होते. अशा गाठीसाठी फुप्फुसाचा तो संपूर्ण खंड काढतात, ही जुनी रीत. गाठीभोवतीचा थोडाच भाग काढला तरी चालेल का, हे डॉक्टरांना पाहायचे होते. थोडा काढला तर दम टिकतो. पण मागे काही राहून गेले तर? डॉक्टर म्हणाले, कोणते चांगले ते आम्हाला माहीत नाही, माहीत असते तर तुम्हाला विचारलेच नसते. मी घाबरलो. आयुष्यभर मी समजत आलो की मला जे ठाऊक नाही ते कुठल्यातरी पुस्तकात असतेच.

कुणाला कोणती शस्त्रक्रिया, हे डॉक्टर ठरवत नव्हते. बंद लिफाफे होते, वर क्रमांक घातलेले. संमतीपत्रावर सही झाली की पुढच्या क्रमांकाचा लिफाफा त्या रुग्णासमोर फोडायचा. हे काम तेजस्विनी नावाची मुलगी बघे. ती सप्टेंबरातल्या एका सकाळी आमच्या दोन खाटांच्या मधे स्टूल घेऊन बसली आणि म्हणाली, “काका, तुम्ही सुरुवात करता?”

मी संमतीपत्र तिसऱ्यांदा वाचत होतो. मी म्हणालो, “नाही नाही, आधी देवरामभाऊंना करू द्या.”

देवराम हसला. “गुरुजींचा अभ्यास व्हायचा हाय अजून,” असे म्हणून त्याने सही ठोकली. लिफाफ्यातून संपूर्ण खंड निघाला. मग मी सही केली. माझ्या लिफाफ्यातून थोडा भाग निघाला.

डिसेंबरात शस्त्रक्रियेनंतरची तीन महिन्यांची तपासणी झाली. तिच्यात सहा मिनिटे चालायचे असते. कॉरिडॉरमध्ये दोन खुणा केलेल्या, तेजस्विनी घड्याळ घेऊन उभी. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस चारशे दहा मीटर चाललो. देवराम तीनशे तीसवर भिंतीला हात लावून थांबला. त्याची बायको मैना पाण्याची बाटली घेऊन उभी होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्या पायांकडे बघत होती. मी चपला घालायच्या निमित्ताने खाली वाकलो आणि बराच वेळ वाकूनच राहिलो.

त्यानंतर ते पत्र आले.

मी ते शब्दकोशात ठेवले. उत्तर सोपे होते: मला ठाऊक नव्हते. लिफाफा जाड होता, उजेडात धरला तरी आतले दिसत नव्हते. पण लिहायला बसलो की मला ती सकाळ आठवे आणि आठवताना दर वेळी ती निराळीच दिसे. कधी वाटे, मी नुसती रीत पाळली. बसमध्ये, रांगेत, पंगतीला, मी नेहमी दुसऱ्यालाच पुढे करतो. कधी वाटे, रीत वगैरे काही नाही. मग मी वही मिटून ठेवी.

“पत्राला उत्तर द्यायला मुहूर्त लागतो का हो?” सिंधू, माझी बायको, दर आठवड्याला विचारी. मी म्हणे, मजकूर जुळत नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तेजस्विनीचा फोन आला. देवराम सहा महिन्यांच्या तपासणीला आला नव्हता. फोन लागत नव्हता. माझी त्याची ओळख, म्हणून तिने मला विचारले. माझ्या तोंडून ‘काही कल्पना नाही’ असे निघून गेले. हे मात्र सरळ खोटे होते. त्याबद्दल मनात कसलाच गोंधळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी माझीच तपासणी होती. गंगापूर रोडवरच्या त्या इस्पितळात मी अर्धा तास आधी पोचलो आणि तेजस्विनीला पत्राचे सांगितले. ती रागावली नाही. म्हणाली की संशोधनातून त्यांना बाहेर पडायचे असेल तर कधीही पडू दे, त्याला कुणाची हरकत नाही. पण सीटी स्कॅन त्यांच्यासाठी आहे. गाठ परत आली असेल आणि आत्ता कळली तर काही करता येते. पुढचा सोमवार रिकामा ठेवते, त्यांना यायला सांगा.

मग मी तिला विचारले, “त्या दिवशी मी आधी सही केली असती, तर त्यांचा लिफाफा मला आला असता?”

“काका, लिफाफा कुणाचाच नसतो. ज्याची सही, त्याला पुढचा नंबर.”

“पण आला असता का?”

“हो. आला असता.”

डॉक्टरांनी माझा स्कॅन पाहिला. आत्ता तरी काही दिसत नाही, म्हणाले. मी विचारले, मग मी सुटलो आणि देवराम अडकला, असे समजायचे का? ते म्हणाले, पाच वर्षांनी विचारा. त्यांचा खंड गेला म्हणजे त्यांचे वाईट झाले असे नाही आणि तुमचा राहिला म्हणजे चांगले झाले असेही नाही. घरी येताना मला कळेना, मी कुणाची कीव करायची. त्याचा दम गेला होता, माझी झोप.

त्या संध्याकाळी मी उत्तर लिहिले. दोन पाने भरली. सिंधूने चष्मा लावून वाचले.

“हे काय आहे? अर्ध्या पानात नुसता योगायोग. त्यांनी विचारलंय, तुम्हाला ठाऊक होतं का. होतं?”

“नाही.”

“मग नाही लिहा. तो माणूस सोमवारी येईल आणि तुम्हीही झोपाल.”

“ते पुरतं खरं नाही.”

तिने चष्मा काढला. मी तिला जे सांगितले ते मलाही बोलता बोलताच कळत गेले. आत काय आहे ते मला ठाऊक नव्हते. पण मला वाटले होते, आधी त्याचे निघू दे. अनोळखी नदीत उतरताना पुढच्याला जाऊ देतात आणि पाणी त्याच्या कुठपर्यंत येते ते काठावरून बघतात, तसे. म्हणजे तसेच वाटले होते की आता वाटते आहे, हेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

सिंधूने दोन्ही पाने माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाली, “हे वाचून तो आला नाही तर?”

मलाही तीच भीती होती. नुसते ‘नाही’ लिहिले तर तो येणार होता. सगळे लिहिले तर शहरातली माणसे अशीच म्हणून तो पत्र चुलीत घालील आणि गाठ असलीच तर ती तिकडे वाढत राहील. पण त्याने खरे असेल ते लिहा, म्हटले होते. आणि अर्धे खरे लिहून त्याला बोलावणे म्हणजे पुन्हा त्याला पुढे घालण्यासारखेच.

“तुम्हीच ठरवा,” सिंधू म्हणाली. “मला विचारून मग माझ्या नावावर घालू नका.”

मी दोन पाने फाडली आणि एक लिहिले.

‘देवरामभाऊ, रामराम. उत्तराला दोन महिने लागले, ही माझी चूक. पहिली गोष्ट: सोमवारी सकाळी तपासणीला या. संशोधन सोडायचे तर खुशाल सोडा, स्कॅन सोडू नका. दुसरी: लिफाफ्यात काय आहे ते मला ठाऊक नव्हते, तेजस्विनीला किंवा डॉक्टरांनाही नव्हते. लिफाफा चिकटवलेला होता, तुम्हीही पाहिलात. तिसरी: मी आधी सही केली असती तर तुमचा लिफाफा मला आला असता. मी तिला विचारून घेतले. तुम्हाला पुढे केले ते भीतीने. तुमचे काय निघते ते मला बघायचे होते, असे मला वाटते. राग माझ्यावर ठेवा, तपासणीवर नको. कुणाचे बरे झाले ते डॉक्टरांनाही अजून कळलेले नाही. मैनाताईंना आणि स्नेहलला नमस्कार.’

‘असे मला वाटते’ हे शब्द मी खोडले आणि पुन्हा लिहिले. खाडाखोड झाली. नवीन कागद घेतला असता तर पुन्हा सगळेच बदलले असते, म्हणून तसेच राहू दिले.

बुधवारी पोस्ट उघडताच मी गेलो. स्पीड पोस्टच्या खिडकीतल्या बाईंनी पाकीट वजनाला ठेवले आणि घेणाऱ्याचा मोबाइल नंबर विचारला. मी म्हणालो, लागत नाही. मग तुमचा सांगा, म्हणाल्या. मी सांगितला, शेवटचे दोन आकडे उलटे सांगितले आणि दुरुस्त केले.

“शुक्रवारपर्यंत पोचेल ना?” मी विचारले.

“हरसूलला पोचेल. पुढे पाड्यावर पोस्टमन जाईल तेव्हा.”

माझ्या मागे तीन माणसे उभी होती. त्यांना वाट करून देऊन, पाकीट परत घ्यावे का याचा बाजूला उभे राहून विचार करावा, असे एकदा मनात आले. तेवढ्यात बाईंनी त्यावर पट्टी चिकटवली आणि ते मागच्या पिशवीत टाकले.