खळ घातलेले मोजे

बारकी पन्नाशीला टेकली तरी दादासाठी बारकीच. दरवर्षी भावाबरोबर डोंगरावर यायची आणि दरवर्षी अर्ध्या वाटेवरच्या दगडी निवाऱ्यात सामान राखत बसायची. "वरची चढण तुला झेपायची नाही," असं दादा कधीतरी म्हणाला होता, तेच पुढे चालू राहिलं. यंदा मात्र तिने आदल्या दिवशीच बजावलं, "खिंडीपर्यंत जाणार. नाही जमलं तर पुन्हा डोंगराचं नाव काढणार नाही."

आणि एवढं बोलून बाईने केलं काय? लाँड्री चालवणारे हात ते, गप्प बसतात थोडेच! दोघांच्या जाड सुती मोज्यांना कडक खळ घातली, वर इस्त्री मारली. निवारा येईपर्यंत दोघांच्या टाचा सोलवटून निघाल्या.

"मोज्यांना खळ कोण घालतं गं?" दादा पाय धरून बसला. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, पण आता दाराशीही जाववेना.

"चुकलं माझं," ती म्हणाली. तिला हसूही येत होतं आणि रडूही.

आत ऊब होती, चहा होता, पाठ टेकायला भिंत होती. मेली ती खिंड, असं वाटावं इतकं बरं वाटत होतं. "इथूनच परत फिरू," दादा मायेने म्हणाला. कप रिकामा झाला की आपण उठणार नाही, हे तिला पक्कं कळलं. तिने अर्धा चहा तसाच ठेवला, मोजे झऱ्यावर खळखळून धुतले, टाच घासू नये म्हणून आतून साबण चोळला आणि ओलेच चढवले.

"अगं, पाय फुटतील."

"फुटलेलेच आहेत. तू सामान बघ."

चढण अशी, की नाक गुडघ्याला लागावं. टाच ठणकत होती. तिने बुटांना, डोंगराला आणि स्वतःच्या अकलेला यथेच्छ शिव्या घातल्या. एकदा डोळ्यांपुढे काजवे चमकले तेव्हा ती भ्यायली, अगदी मनापासून भ्यायली. तरी गेली. खिंडीत उभी राहून पोटभर रडली आणि उतरली.

खाली दादाने पाणी कोमट करून ठेवलं होतं. "पाय दे इकडे," म्हणत त्याने स्वतः तिचे बूट सोडले. मोजे रक्ताने भरले होते. त्याने ते हळूहळू सोडवून काढले आणि पाय पाण्यात ठेवले.

"खुरडत दाराशी गेलो, तिथून दिसत होतीस," शेवटी तो म्हणाला. "परत ये म्हणून किती हात हलवले. एकदा तरी मागे बघायचंस."

"बघितलं असतं तर आले असते रे दादा," बारकी म्हणाली.