सिक्स्टेनचे अस्सल पट्टे

बटाटे उकळत ठेवून मी बोटींची शिडं शिवायच्या खोलीत दोरा शोधायला गेले आणि खोक्यामागे मला नवे पट्टे दिसले. राखाडी, मधोमध दोन काळ्या रेघा असलेले, मीच शिवलेले सीट बेल्ट. ते आमच्या जुन्या गाडीत असायला हवे होते. आणि ती गाडी घेऊन तूवा, आमची एकुलती एक पोर, मघाशीच स्ट्रॉबेऱ्या आणायला गेली होती.

हे पट्टे इथे आहेत, तर गाडीत कुठले आहेत?

खरं तर विचारायची गरज नव्हती. माझा नवरा सिक्स्टेन त्या एकसष्ट सालच्या गाडीपायी वेडा झालेला माणूस. मूळ पट्टे मिळावेत म्हणून आमच्या बोहुसलेन भागातला एकही जुना बाजार त्याने सोडला नव्हता. लोकांच्या गाड्यांत डोकं खुपसून तो लेबलावरचं साल वाचायचा, टाके न्याहाळायचा, विणीतल्या रेघा मोजायचा. शेवटी एका गोठ्यात, कोंबड्यांच्या विष्ठेखाली, त्याला हवे तेच पट्टे सापडले. त्या दिवशी तो लग्नाच्या दिवसापेक्षा जास्त खूश होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी ते कोमट पाण्यात धुतले, सावलीत वाळवले. दिसायला देखणे झाले. पण माझा जन्म शिडं शिवण्यात गेलाय, उन्हाने खाल्लेला धागा मला हाताला कळतो. नखाने घासलं की भुकटी निघत होती. "जुनी बकलं कापून नव्या पट्ट्यावर चढवते," मी म्हटलं, तर कात्री लावायला त्याचा जीव होईना. मग ठरलं, जुने भिंतीवर टांगायचे, गाडीत मी शिवलेले लावायचे.

उद्या मिडसमरचा, म्हणजे भर उन्हाळ्याच्या सणाचा, जुन्या गाड्यांचा मेळा होता. परीक्षक लेबल बघणार होते. या गृहस्थाने मला न सांगता पट्टे बदलले होते.

मी अंगणात धावले. तो टेबलावर हेरिंग माशाच्या बशा मांडत होता.

"सिक्स्टेन, गाडीत कुठले पट्टे आहेत?"

हातातली बशी खाली ठेवत तो म्हणाला, "अगं, उद्या मीच चालवणार होतो. हळू. तूवाची स्वतःची गाडी सुरू होईना, तिने हिची किल्ली उचलली, मी तेव्हा तळघरात होतो."

"मला सांगायला तोंड नव्हतं?"

"तू ओरडली असतीस."

"आता काय करतेय मग!"

तूवाला फोन लावला. तो स्वयंपाकघरात पावाच्या डब्याशेजारी वाजायला लागला. मी नवे पट्टे आणि पाना उचलला, सिक्स्टेनला व्हॅनमध्ये ढकललं आणि बटाटे तसेच चुलीवर ठेवून निघाले.

स्ट्रॉबेऱ्यांच्या शेताचा रस्ता जंगलातून जातो. संध्याकाळी एल्क तिथेच रस्ता ओलांडतात. हरणाच्या जातीचं, पण घोड्याहून उंच जनावर. गाडीने पाय उडवले की धड थेट काचेवर येतं. गेल्या वर्षी पोस्टमनचा खांदा तिथेच मोडला, आणि त्याचा बेल्ट तर नवाकोरा होता. मला राहून राहून ती भुकटी आठवत होती. माझ्या नखात अडकलेली, राखाडी.

"ती जपून चालवते," सिक्स्टेन म्हणाला.

"तुझ्याकडून शिकलीय. वळणावर गप्पा मारते."

"गुनवोर, मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते नको सांगूस. रस्ता बघ."

तो बघत होता. त्याच्या ओठांना रंग नव्हता. सदतीस वर्षांच्या संसारात मला त्याचा इतका राग कधी आला नव्हता, आणि इतकी कीवही.

एल्कच्या पाटीपुढच्या वळणावर गाडी दिसली. दोन चाकं चराच्या कडेला उतरलेली, ड्रायव्हरचं दार सताड उघडं. आत कोणी नाही. मागच्या सीटवर स्ट्रॉबेऱ्यांच्या टोपल्या, त्यातली एक कलंडलेली, सीटभर लाल रस.

क्षणभर मला तो रस वाटलाच नाही.

"तूवा!" सिक्स्टेन ओरडला. "तूवाऽऽ!"

मीही ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. गाडीतून फेकली गेली असेल, चरात पडली असेल, शुद्धीत नसेल. सिक्स्टेन गुडघ्यांवर चरात उतरला आणि हातांनी गवत बाजूला करायला लागला. मी हाका मारत राहिले. एकाही हाकेला उत्तर नाही.

मग कुंपणापलीकडचं उंच गवत हललं आणि तूवा बाहेर आली. धडधाकट. एका हातात रानफुलांची जुडी, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर.

सात फुलं! सकाळी मीच तिला चिडवलं होतं, "बत्तीस वर्षांची घोडी झालीस, यंदा तरी मिडसमरची सात फुलं उशाखाली ठेव, स्वप्नात नवरा दिसू दे." ती फुलं मुकाट्याने तोडायची असतात, एक शब्द बोललं की सगळं फुकट. पोर आमच्या हाका ऐकत होती आणि नियम पाळत होती. मी तिला मिठीत घेतलं, पाठीवर एक धपाटा घातला आणि रडले. ती गोंधळली, तरी बोलेना. नुसती बोटाने फुलं मोजून दाखवत होती, सहा झाली, एक राहिलं.

सिक्स्टेन चरातून वर आला. हसत होता, डोळे पुसत होता, मातीने भरला होता. गाडीच्या दारात वाकून त्याने तो देखणा जुना पट्टा बाहेर ओढला.

"बघ गुनवोर, उगाच घाबरलो. इतका चिवट आहे, बघ तरी," म्हणत त्याने पट्टा दोन्ही हातांत धरला आणि एक हिसका दिला.

फारसा आवाजही झाला नाही. अर्धा पट्टा त्याच्या एका हातात राहिला, अर्धा दुसऱ्यात.

तूवा बघत राहिली. तिच्या हातातली फुलं खाली गेली.

"बाबा," ती म्हणाली, "मघाशी एल्क आडवा आला तेव्हा मी हाच लावला होता. ब्रेक मारायच्या आत तो स्वतःहून मागे फिरला."