हातातली पाटी

"बाबा, ती माझी पाटी आहे!" कार्ला गाडीतून उतरायच्या आधीच ओरडली.

"माहितेय. वाचता येतं मला," वर्लिन म्हणाला आणि आपल्याच दारातली, आपल्याच लेकीची प्रचाराची पाटी त्याने हलवून हलवून जमिनीतून उपटली.

मी समोर माझ्या व्हरांड्यात कॉफी पीत होते. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटली. आदल्याच आठवड्यात त्याने माझीही पाटी उपटली होती, वीतभर पुढे आली म्हणून.

वर्लिन हॅचर आमच्या गावच्या रस्तेखात्यात आहे. हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात खड्डे आणि ऑक्टोबरात निवडणुकीच्या पाट्या. विजेच्या खांबांच्या रेषेपासून रस्त्यापर्यंतची जमीन गावाची, तिथे कुणाचीच पाटी चालत नाही. उपटलेली पाटी तो कधी भंगारात फेकत नाही. चिखल पुसून गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवतो, ज्याची त्याने न्यावी. दोन्ही पक्षांच्या शिव्या तो सारख्याच शांतपणे खातो. असा माणूस शोधून सापडायचा नाही, हे मला आज कळतं.

कार्ला शाळेच्या मंडळाच्या निवडणुकीला उभी होती. सगळा गाव वर्लिनच्या दारावरून जातो, पण रस्ता रुंद झाल्यापासून त्याच्या पायऱ्या थेट खांबांच्या रेषेवर उतरतात. अंगण म्हणून उरलंच नाही.

"व्हरांड्यात लाव मग," कार्ला म्हणाली.

"त्या अंधारात कुणाला दिसणार?"

"म्हणजे सख्ख्या बापाच्या दारात माझी पाटी नाही! लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, वर्लिनने काढली."

"तू माझा बाप आहेस की त्या खांबांचा?"

गाडीचं दार आपटून ती गेली. तो पाटी हातात घेऊन तसाच उभा राहिला. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर जाड जाकीट चढवून तो रस्त्याच्या कडेला उभा. कार्लाची पाटी छातीशी धरलेली.

"हे काय रे नवीन?" मी विचारलं.

"जमिनीत रोवलेल्या पाटीला नियम आहे. हातातल्या पाटीला नाही."

"डोकं फिरलंय तुझं!"

"असेल. तू तुझी पाटी रेषेच्या मागे घेतलीस ना?"

घेतली होती. तिच्यावर नाव होतं रॉय प्रुइटचं, कार्लाविरुद्ध उभा होता त्याचं. वर्लिनला ते दिसतच होतं.

मग रोज संध्याकाळी, पावसावाऱ्यात, तो तिथे उभा. रॉयची माणसं चेष्टेने हॉर्न वाजवत जायची, हा हात वर करायचा. कार्लाची गाडीही जायची. थांबायची नाही.

मतदान अग्निशमन केंद्रात होतं. दारापासून थोड्या अंतरावर दोन छोटे झेंडे रोवलेले असतात, त्यांच्या आत प्रचाराचं काही न्यायचं नाही. मी मत देऊन बाहेर आले तर वर्लिन झेंड्यांपाशी अडकलेला, पाटी हातात.

"नोरीन, जरा धर."

"मी? ठेव की गवतात."

"गवत गावाचं आहे."

"मग गाडीत टाक."

"चालत आलोय."

"अरे, मी आत्ताच रॉयला मत देऊन आलेय!"

"ते तुझं तू बघ. फक्त खाली टेकवू नकोस."

गेला आत. मी धरली. रॉयची बायको माझ्याकडे डोळे फाडून बघत गेली, आणि का कोण जाणे, मी पाटी आणखी सरळ केली. वर्लिनचे अंगठे जिथे असायचे तिथला निळा रंग पार निघाला होता.

तेवढ्यात कार्ला आली. "नोरीनकाकू, तुम्ही?"

"तुझे बाबा आत गेलेत."

ती त्या दोन पांढऱ्या डागांकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले. "द्या इकडे," ती म्हणाली.

"खाली टेकवू नकोस हं."

ती हरली, ते रात्री कळलं. पण वर्लिन बाहेर आला तेव्हा ती झेंड्यांच्या बाहेर पाटी छातीशी धरून उभी होती.

"टेकवली नाही, बाबा."

तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. रिकाम्या हातांचं काय करावं, ते त्याला कळेना.