बाजारतळाच्या नालीवरची जाळी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. शेवगावच्या अलीकडे बाजारपेठेचं एक लहानसं शहर आहे. तिथल्या बाजारतळाच्या नालीत, ओढ्याजवळच्या वळणावर मी उभी असते. काय अडवायचं आणि काय सोडायचं, एवढंच माझं काम. ते मला अजून नीटसं उमगलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

माझा गोंधळ जन्मापासूनचा आहे. आधी मी जाळी नव्हतेच. मी बैलगाड्यांच्या चाकांवरची लोखंडी धाव होते. बहात्तर साली पाऊस झाला नाही, जनावरं छावणीत गेली आणि गाड्या दारात उभ्या राहिल्या. तेव्हा पुंजाराम लोहाराने तीन-चार धावा उतरवून घेतल्या, भट्टीत तापवून सरळ केल्या आणि शेजारी शेजारी जोडल्या. "लई फिरलीस. आता एका जाग्यावर उभं ऱ्हायचं," तो मला म्हणाला. सारा तालुका पालथा घातलेल्या मला उभं कसं राहायचं तेच कळेना.

पुढचं तर त्याहून नवलाचं. आभाळात ढग नाही, आणि दुष्काळी कामावरची माणसं पावसाच्या पाण्यासाठी नाली खणत होती! येणारेजाणारे हसायचे. मलाही हसू यायचं. शेवटी रंगनाथ मिस्त्रींनी दगड रचता रचता बायांना समजावून सांगितलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात थोडा उजेड पडला.

पाऊस पडला की बाजारतळावरचं शेण, सडका भाजीपाला, सगळी घाण धुऊन सरळ ओढ्यात जायची. ओढ्याच्या वाळूत खालच्या आळीचे झिरे होते, म्हणजे पिण्याच्या पाण्यासाठी खणलेले खड्डे. ते नासायचे. आता ते घाण पाणी नालीने वळवून, रस्त्याखालच्या नळ्यांतून झिऱ्यांच्या पुष्कळ खाली सोडायचं होतं. नळ्यांत कचरा अडकू नये म्हणून तोंडाशी मी.

दगडांच्या पाट्या वाहणाऱ्यांत चांगुणा नावाची एक बाई होती. नवरा कधीच वारलेला. दोन वर्षांपूर्वी झिऱ्याच्या नासक्या पाण्याने तिची थोरली नात हगवणीने गेली होती. दुपारी कामावर खायला मिळणारी सुकडी घेऊन ती माझ्याशेजारी बसे. "नीट बग बाई," ती मला म्हणे. "एक नात गेली माजी. आता एकच हाय."

मी मनापासून हो म्हटलं. पण लोखंडाचं हो कुणाला ऐकू जातं?

त्र्याहत्तर साली पाऊस लागला. मी पाला अडवला, चिपाडं अडवली. नगरपालिकेचा मच्छिंद्र रोज आकड्याने ती ओढून काढी. साहेब येऊन "काम चोख झालंय" म्हणून गेले. मी जरा फुगलेच.

मग भाद्रपदात मोठा पाऊस झाला. आमच्याकडे पाणी भरून वाहू लागलं की सवाष्णी पाण्याची ओटी भरतात. दरवर्षी त्या ओढ्यावर जायच्या. पण ओढ्याकाठी गुडघाभर चिखल, आणि नालीला घडीव पायऱ्या. दोन वर्षांनी डोळ्यांना दिसलेलं पाणी, ते नालीतलं का असेना! सगळ्या माझ्याकडेच आल्या. खण, नारळ, तांदूळ, बांगड्या. कुणी माझ्या दांड्यांना हळदकुंकूही लावलं. मी हरखून गेले.

आणि तिथेच घोटाळा झाला. कचरा अडवायचा हे मला ठाऊक होतं. पण हा कचरा नव्हता, हा मान होता. मान अडवायचा की सोडायचा? मी विचार करत राहिले आणि खण दांड्यांवर पसरत गेले. पाणी तुंबलं. काठाशी आलं. पलीकडे झिरे होते.

"अरं मच्छिंदर, काढ की ते," लांब उभी असलेली चांगुणा ओरडली.

"सवाष्णींची ओटी हाय, मावशे. मी गडीमानूस कसा हात लावू?"

"भरलेली ओटी उचलू न्हाई," म्हाताऱ्या लंकाबाईंनी बजावलं. "दोष लागतो."

चांगुणा पायऱ्यांपाशी आली. "माजी कुनी भरत न्हाई," ती म्हणाली. "मला आनि कसला दोष लागायचाय?"

ती कमरेइतक्या पाण्यात उतरली. एकेक खण, एकेक नारळ सोडवत गेली. ओटी जमिनीवर ठेवायची नसते, म्हणून सगळं पदरातच घेत गेली. मी मोकळी झाले, पाणी गरकन नळ्यांत शिरलं. झिरे वाचले.

वर येऊन तिने भरलेला पदर बायांपुढे धरला. कुणी हात पुढे केला नाही. दिलेली ओटी परत घेत नाहीत. एक नारळ घसरत होता, तो लंकाबाईंनी पुन्हा तिच्या पदरात सारला. "ऱ्हाऊ दे," त्या हळूच म्हणाल्या. "तुजीच भरली म्हन."

चांगुणा रडली. का, ते मला तेव्हा समजलं नाही.

पुढे थोड्याच दिवसांनी तिची नात झिऱ्यावर पाणी भरायला आली. अंगात हिरव्या खणाचं पोलकं होतं. तो खण माझ्या दुसऱ्या दांडीवर अडकला होता, मी लगेच ओळखला.

मित्रांनो, माझ्यात काही टाकू नका, चांगलंसुद्धा नाही. मला त्यातलं काही कळत नाही. द्यायचंच असेल, तर लांब कोण उभं आहे ते आधी बघा.