पुट्टीखालचा पत्रा

काळुरामने स्कूटरच्या पुढच्या पत्र्यावर रिमूव्हरचा दुसरा हात मारला आणि रंग फुगून वर येईपर्यंत हातातली खरवडायची पट्टी फडक्याला पुसत उभा राहिला.

"आता बघा, साहेब," तो साकेतला म्हणाला. "कसा सुटतो ते."

शीळफाट्याजवळच्या त्या गॅरेजात साकेतचे आईवडील, हरिहर आणि सुमती, प्लास्टिकच्या दोन खुर्च्यांवर बसले होते. नौपाड्यातली त्यांची इमारत पुनर्विकासाला जाणार होती. जिन्याखाली ताडपत्री पांघरून बारा वर्षं उभी असलेली स्कूटर भंगारात द्यायची, असं हरिहरने ठरवलंही होतं. पण साकेतने ती परस्पर इथे आणून टाकली. नव्यासारखी करून देतो म्हणाला. नव्यासारखी म्हणजे निळी, असं हरिहर धरून चालला होता. आज सकाळी येताना मुंब्रा बायपासवर साकेतने खरं काय ते सांगितलं.

"रंग द्यायचाच नाही, बाबा. नुसता पत्रा. घासून चकचकीत करायचा आणि वर पारदर्शक लॅकर. सगळं उघडं दिसलं पाहिजे."

हरिहरने गाडीची काच खाली केली, परत वर घेतली. सुमती खिडकीबाहेर बघत होती.

मागचा भाग आधीच सोलून झाला होता. पत्रा राखाडी आणि गुळगुळीत दिसत होता. काळुरामने पट्टी टेकवली तसा हरिहर उठला.

"पुढचं राहू द्या हो. तिथे रंग असला तरी काय बिघडतं?"

"अर्धी निळी आन् अर्धी पत्र्याची? बरं दिसेल का, काका?"

"पुढचा पत्रा पातळ असतो. खराब होईल."

"काय नाय होत. रोजचं काम हाय माझं."

साकेतला हे ऐकू गेलं नाही. त्याला डाव्या कानाने लहानपणीच्या टायफॉइडपासून ऐकू येत नसे, आणि हरिहर त्याच्या डाव्या बाजूला उभा होता. हरिहर खुर्चीवर परत येऊन बसला. सुमतीने त्याच्याकडे पाहिलं नाही.

निळा रंग लांब सालींनी सुटत गेला. उजवीकडे खाली पट्टी अडकली. काळुरामने बोटाच्या पेराने तिथे ठोकून पाहिलं. आवाज बद्द आला.

"पुट्टी हाय. चांगली जाड भरलीय."

त्याने पट्टीचं टोक आत घालून दाबलं. पुट्टीची तळहाताएवढी खपली निघून खाली पडली, तिच्यामागून दुसरी. खालचा पत्रा हातोडीने ठोकून सरळ केलेला होता आणि त्याच्यामधून, वरच्या कडेपासून थेट पाय ठेवायच्या जागेपर्यंत, वेल्डिंगची पिवळट रेघ वेडीवाकडी गेली होती.

"गाडी ठोकलेली हाय, साहेब."

साकेत हसला. "शक्यच नाही. नंबर लावून, आठ वर्षं थांबून घेतलेली गाडी आहे ही. बाबांनी कधी ओरखडा उठू दिला नाही हिच्यावर."

"पत्रा फाटलावता ना. हे बघा, पार आत गेलावता." काळुराम रेघेवरून बोट फिरवत होता. "दगडाबिगडावर बसलीय. पुढं पोरबिर उभं असतं तर..."

बोलता बोलता त्याची नजर खुर्च्यांकडे गेली आणि तो थांबला. साकेतनेही वळून पाहिलं.

हरिहर पुन्हा उठला होता.

"माझ्या हातून झालं ते," तो म्हणाला. या वेळी तो आठवणीने साकेतच्या उजवीकडे जाऊन उभा राहिला. "चौऱ्याऐंशी साली. डिसेंबरात."

"मला टायफॉइड झाला तेव्हा?"

"टायफॉइड नव्हता तो."

कॉम्प्रेसर चालूच होता. काळुरामने जाऊन तो बंद केला आणि हात धुवायला म्हणून मागच्या दाराने निघून गेला.

साकेतने वाकून पुट्टीची एक खपली उचलली. तिच्या एका बाजूला निळा रंग होता. तो ती उलटीसुलटी करून बघत राहिला.

"मी पुढे उभा होतो?"

"हो."

"आणि तुम्ही चालवत होतात?"

"हो."

"नाही," सुमती म्हणाली.

"सुमती, तू गप्प बस."

"चाळीस वर्षं बसलेय की." ती खुर्चीवरून उठली नाही, आवाजही चढवला नाही. "गाडी मी चालवत होते, साकेत. नुकतीच शिकत होते. घोडबंदर रोडला तेव्हा रविवारी सकाळी चिटपाखरू नसायचं. हे त्या टोकाला उभे होते. मोरी आली, तिचा कठडा दिसत होता मला. दिसत होता, पण हात वळेना."

"ती नको म्हणत होती," हरिहर घाईघाईने म्हणाला. "तुला पुढे उभं मी केलं. घेऊन जा त्याला, म्हटलं, काही होत नाही. मीच म्हटलं."

साकेत दोघांकडे आळीपाळीने बघत होता. त्याने खपली सीटवर ठेवली आणि तो बाहेर निघून गेला.

गॅरेजच्या तोंडाशी रस्ता होता. कंटेनर एकामागून एक नव्या मुंबईकडे चालले होते. साकेत कडेला पाठमोरा उभा राहिला. आतून त्याचा चेहरा दिसत नव्हता. त्याच्याजवळ जावं, असं हरिहरला वाटलं. तो दारापर्यंत गेलाही. पण चव्वेचाळीस वर्षांच्या, केस पांढरे व्हायला लागलेल्या माणसाला काय सांगून उगी करायचं? तो परत फिरला.

"कशाला बोललीस?"

"तुम्ही अंगावर घेतलंत. ते बघवलं नाही."

"मला चाललं असतं."

"मला नाही."

सुमती पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती. मागच्या दारातून काळुराम एकदा डोकावला आणि तसाच मागे गेला.

साकेत आत आला तेव्हा पंधरा मिनिटं तरी झाली असतील. हरिहरने मान खाली घातली. साकेत काय विचारेल, याची उत्तरं त्याने इतकी वर्षं मनात जमवून ठेवली होती. का लपवलंत? डॉक्टर कानाबद्दल काय म्हणाले होते? वेळेवर काही करता आलं असतं का?

साकेत त्याच्यापाशी थांबला नाही. सुमतीच्या खुर्चीसमोर तो उकिडवा बसला.

"आई, तुला किती लागलं होतं?"

सुमती त्याच्याकडे बघत राहिली. तिला प्रश्न कळलाच नसावा.

हरिहर मात्र जागच्या जागी थिजला. त्या सकाळी तो धावत आला होता. रक्ताने भिजलेलं पोर त्याने उचललं, दुधाचा टेम्पो अडवला आणि सरळ ठाण्याला दवाखाना गाठला. मागे वळून पाहिल्याचं त्याला आठवत नव्हतं. सुमती वॉर्डात आली ती दुपारी. येऊन खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. तिच्या अंगावर तेव्हा कुणाचं तरी भलतंच हिरवं लुगडं होतं. ते कुणाचं, ती कशी आली, कोणाबरोबर आली, हे त्याने तेव्हा विचारलं नव्हतं. नंतरही नाही.

"सांग ना," साकेत म्हणाला.

"चार टाके पडले," सुमती म्हणाली. मग तिने मान हलवली. "पण ते मागाहून. आधी ती बाई आली. तिनेच मला तिचं लुगडं नेसवलं."

कुठली बाई, ते हरिहरला माहीत नव्हतं.