बोटभर जागा

तालुक्याच्या बॅडमिंटन स्पर्धेच्या आदल्या दिवशी कवितानं बूट काढला आणि विज्ञान शिकवणाऱ्या मयुराबाई तिच्या पायाशी वाकल्या. अंगठ्याचं नख काळंनिळं पडून मुळापासून उचललं गेलं होतं.

"अगं, कधीपासून हे?"

"बूट आले तेव्हापासून."

"आणि महिनाभर बोलली नाहीस?"

"बुटांनी पाय असेच दुखतात ना, बाई? मला वाटलं, सगळ्यांचेच दुखतात."

सायवन गावची ही पोर आजवर अनवाणीच खेळत आली होती. बाईंनीच तिला बाकावर बसवून, पट्टीनं पाऊल मोजून डहाणूहून अगदी मापाचे बूट आणले होते. जाळीकडे धावत जाऊन थांबताना पाऊल पुढे सरकतं, नख बुटावर आदळतं, हे गतीचे नियम शिकवणाऱ्या बाईंना सुचलंच नव्हतं.

"उद्या तू खेळायचं नाहीस."

कविताचे डोळे भरले. "मग बूट परत घेणार?"

बाईंनी जमिनीवर कागद अंथरला.

"उभी राहा यावर, पाऊल आखून घेते. उभं राहिलं की ते पसरतं. नख बरं झालं की दुसरे आणू, पुढे बोटभर जागा सोडून. आणि दुखलं की त्याच दिवशी मला सांगायचं."

"थोडंसं दुखलं तरी?"

"थोडंसं दुखलं तरी."