रिडमाटचा हातोडा

रिडमाट गावात शांतता ही वाईट बातमी समजली जाते. गावाच्या वर, कड्याच्या पोटातून सात किलोमीटर वाहत येणाऱ्या पाटावर एक लाकडी चाक आहे. पाणी ते फिरवते, चाकाची खुंटी हातोडा उचलते आणि हातोडा लार्च झाडाच्या फळीवर आदळतो. मिनिटाला बावीस ठोके. मे महिन्यात पाणी सोडल्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत गावातले लोक या आवाजातच झोपतात, भांडतात आणि लग्ने ठरवतात. तो थांबला, याचा अर्थ वर कुठेतरी दरड आली आहे किंवा पाटाची फळी फुटली आहे. तसे झाले की हिमनदीचे पाणी कुरणांवर न येता उतार खणत सरळ घरांच्या दिशेने निघते.

क्रेसेन्टिया एग्गेल या पाटाची देखरेख करणारी पाटकरीण होती. गाव तिला झेन्टा म्हणे. त्याआधी एकतीस वर्षे तिने प्रांताच्या जलमापन कार्यालयात हिमनद्यांचे पाणी मोजले होते, आणि जुने म्हणून चांगले असा सूर कुणी लावला की तिची दाढ ठणकू लागे. हातोड्यावरही तिने प्रथम संशयच घेतला होता. तीन उन्हाळे तिने नोंद ठेवली. पाणी नऊ वेळा तुटले आणि नऊही वेळा हातोडा थांबला. खुंटी मोडल्यामुळे तो आणखी दोनदा विनाकारण थांबला. चुकायचेच तर याच बाजूने चुकणे बरे, असा निष्कर्ष तिने काढला आणि विषय मिटवला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो पुन्हा उघडला, आणि उघडला तो आम्ब्रोस शाल्बेटरने. आम्ब्रोस गावाचा अध्यक्ष आणि झेन्टाचा मावसभाऊ. झुरिकची एक संस्था निसर्ग न बिघडवता प्रवास करणाऱ्यांसाठी गावे निवडत असे आणि त्यांना ‘शांत दरी’ अशी पाटी देत असे. पाटी मिळाली की मोटारी न आणणारे, पायी हिंडणारे पाहुणे येतील, आणि दिवसातून तीनदा येणारी पोस्टाची बस तासातासाला सुरू होईल, हे त्याने नीट समजावून सांगितले. अट एकच होती. पाटाकाठच्या पायवाटेवर माणसाने केलेला सततचा आवाज चाळीस डेसिबलच्या आत हवा. हातोडा दहा मीटरवरून अठ्ठावन्न भरत होता. त्याच्या जागी पाण्याची पातळी मोजणारे विजेचे यंत्र बसवता येईल आणि पाणी उतरताच झेन्टाच्या फोनवर संदेश येईल, असे त्याचे म्हणणे होते.

झेन्टाने ते यंत्र दोन उन्हाळे स्वतःच वापरून पाहिले होते.

“यंत्र चांगलं आहे,” ती म्हणाली. “पण ते मला एकटीला सांगतं. सात किलोमीटरच्या पाटावर मी एकटी जाऊन काय करू? दरडीचा फोटो काढू?”

आम्ब्रोसने वाद घातला नाही. संस्थेचा तपासनीस गुरुवारी येणार होता. त्या दिवशी दहा ते बारा हातोडा बांधून ठेव, मी गावच्या कार्यालयाच्या दारावर नोटीस लावली आहे, तूही घरोघर निरोप दे, एवढेच त्याने सांगितले.

अडचण होती ती पाणीसंघाच्या नियमात. हातोडा गप्प झाला की पाण्याचा हक्क असलेल्या प्रत्येक घरातून एका माणसाने तासाच्या आत, हातात अवजार घेऊन चाकापाशी हजर व्हायचे. न येणाऱ्याची पाण्याची पुढची पाळी गेली. नियम दीडशे वर्षांचा होता. तो मोडीत काढावा असे कुणाच्या मनात आले नव्हते, कारण तो आहे हेच बहुतेकांच्या लक्षात नसे. घरात श्वास घेण्याचा नियम कुणी लिहून लावत नाही, तसेच काहीसे.

“बांध म्हणतोस तर बांधते,” झेन्टा म्हणाली. “तेवढा अधिकार अध्यक्षाला आहे. पण नियमात ठरवून थांबवायची सोय नाही. ती हवी असेल तर मार्चच्या सभेत मतं घे.”

“अगं, हा जून आहे.”

“तेच म्हणतेय मी.”

निरोप तिने दिला नाही. लोक येतील की नाही, याबद्दल तिने अंदाजही बांधला नाही. हातोडा मुद्दाम बांधल्याची एकही घटना कुणाच्या आठवणीत नव्हती, आणि शून्य नोंदींवरून भाकीत करणारी ती बाई नव्हती.

लिंडेग्गर नावाचा तपासनीस गुरुवारी सकाळच्या बसने आला. मऊ बोलणारा, चालून बूट झिजवलेला माणूस. दुपारचा पाव आणि चीज फडक्यात बांधून घेऊन आलेला. झेन्टाला तो नावडावा अशी तिची फार इच्छा होती, पण पुरावा मिळेना. त्याने तिवईवर आवाजमापक बसवला. दहा वाजता तिने हातोड्याला दोर घातला.

आकडा अठ्ठावन्नवरून चौतीसवर उतरला. पाण्याची सळसळ उरली, लार्चमधला वारा आणि एक पक्षी. लिंडेग्गरने डोळे मिटले. लोक एवढ्या लांबून हेच ऐकायला येतात, असे तो हळूच म्हणाला. आम्ब्रोस हसला. झेन्टाची मान मात्र ताठ झाली होती आणि हात आपसूक खोऱ्याच्या दांड्याकडे गेला होता. ही सवय आहे, युक्तिवाद नव्हे, असे तिने स्वतःला बजावले.

दहा वीसला आकडा एक्केचाळीस झाला. मग सत्तेचाळीस. खालच्या वळणावरून दगडांवर बूट वाजत होते, लोखंड खडकाला घासत होते. सर्वांत आधी दिसला तो थेओडुल, वय एकोणऐंशी, खांद्यावर कुदळ. त्याच्यामागे कोपरापर्यंत पीठ लागलेला बेकरीवाला, शाळेच्या बाई, मेंढपाळ भाऊ. अकराला दहा मिनिटे असताना सोळा घरांची माणसे पाटावर उभी होती. आवाजमापक एकसष्ट दाखवत होता.

“दारावर नोटीस होती ना?” आम्ब्रोस म्हणाला. “कुणी वाचली नाही का?”

“वाचली की,” थेओडुल म्हणाला. “नोटीस ऑफिसची होती. हातोडा काही ऑफिसचा नाही.”

“अहो बाबा, पाणी चालू आहे. दिसत नाही का?”

“इथून दिसतंय. माझ्या घरातून दिसत नाही. तिथे नुसतं गप्प झालेलं कळतं.”

एवढ्यात शेवटच्या वळणावरून ओटिलिया आली. ती आम्ब्रोसची बायको, आणि तिच्या हातात आम्ब्रोसचे खोरे होते. आपला अध्यक्ष आधीच वर हजर आहे, मग ही कशाला आली, असे बेकरीवाल्याने विचारले.

“हजर आहे, पण हात हलवत,” ओटिलिया म्हणाली. “अवजाराशिवाय आलेला माणूस मोजत नाहीत. याच्या नोटिशीपायी माझं कुरण का वाळवू?”

आकडा अडुसष्टवर गेला. हसण्याचा आवाजही यंत्र मोजत होते.

लिंडेग्गर मूर्ख नव्हता. त्याने काय चालले आहे ते विचारून घेतले, थोडा विचार केला आणि पिशवीतून एक कागद काढला. संस्थेच्या नियमांत अपवाद बसवता येत होता. सांस्कृतिक वारसा म्हणून हातोडा रोज अकरा ते बारा आणि तीन ते चार पाहुण्यांसाठी चालवायचा, एरवी बंद. पाटी मिळेल. पाटकऱ्याची सही तेवढी लागेल. आम्ब्रोसने खिशातून पेनही काढले. गावाला बस मिळत होती आणि हातोडाही राहत होता. यापेक्षा रास्त तोडगा कुणालाच सुचला नसता. सगळे झेन्टाकडे पाहू लागले.

तिने कागद शेवटपर्यंत वाचला.

“साहेब, तुमच्या या यंत्राची बॅटरी संपत आली की काय होतं?”

“लाल दिवा लागतो.”

“आणि तो दिवा रोज बावीस तास, बॅटरी भरलेली असतानाही, लागलेलाच राहिला तर?”

लिंडेग्गरने तिवईवरच्या यंत्राकडे पाहिले. “मग मी त्याच्याकडे बघणं सोडून देईन.”

“झालं तर,” झेन्टा म्हणाली. “हा हातोडा दाखवायची वस्तू नाही. तो गप्प होतो तेव्हा काहीतरी सांगतो, आणि ते कळतं ते एरवी तो गप्प नसतो म्हणून. इथली शांतता आम्ही एकाच कामासाठी राखून ठेवलीय. ती पाहुण्यांना वाटायला नाही.”

“मग बस येणार नाही,” आम्ब्रोस म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. “दवाखान्याला जायला म्हातारी माणसं आठच्या बसमध्ये उभी राहून जातात. ते तुझ्या वहीत लिही.”

हे खरे होते, आणि खऱ्या गोष्टीला झेन्टा कधी बगल देत नसे. “लिहिते. याची किंमत मोजणार कोण, तर थेओडुल. त्यानं सांगावं. तो सही कर म्हणाला, तर करते.”

थेओडुलने कुदळ खाली टेकवली. त्याचे दुखरे गुडघे आणि आठच्या बसमधल्या त्याच्या खेपा सगळ्या गावाला ठाऊक होत्या.

“मी आज बत्तीस मिनिटांत वर आलो,” तो म्हणाला. “बसची वाट बघत बसलो असतो तर? सही राहू दे.”

“एकोणतीस,” झेन्टाने वहीत पाहून दुरुस्ती केली. कागदाची घडी घालून तिने तो लिंडेग्गरच्या हातात परत दिला. सहीशिवाय. “नापास लिहा. आकडा बरोबर लिहा म्हणजे झालं.”

मग तिने दोर सोडला. हातोडा उचलला गेला, क्षणभर अडखळला आणि फळीवर आदळला.

माणसे वर आली होती आणि हातात अवजारे होती, तेव्हा गाळ काढायला सगळे पाटात उतरले. झेन्टाने हजेरी घेतली: सतरा घरे, गैरहजर कुणी नाही. शाल्बेटर या नावापुढे तिने ओटिलिया असे लिहिले. आम्ब्रोसने ते वाचले आणि बायकोच्या हातातले खोरे स्वतःकडे घेतले.

लिंडेग्गरने तिवई मिटवली आणि परतीची बस किती वाजता आहे ते विचारले.

“तीन वाजता,” झेन्टा म्हणाली. “तोवर चाला. वाट चांगली आहे. फक्त आवाज आहे.”

तो दिसेनासा झाल्यावर तिने घड्याळ हातात घेतले आणि एक मिनिट पूर्ण मोजले. दोरामुळे खुंटी ढिली झाली असण्याची शक्यता होती.

बावीस भरले.